खिडकीतून सात नंबर

६ जानेवारी २०२५, सकाळी ७
आजपासून काम सुरू. मुलाची, परागची, खोली रिकामीच आहे, तो पुण्याहून दिवाळीपुरता येतो. तिथे मॉडेल रेल्वे बसवणार. खेळणं नाही. आमचं जुनं स्टेशन, यार्डासकट, इंच न इंच.
कारण इथे लिहून ठेवतो. २०१३ साली सात नंबर पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर, मालगाडीचे पाच डबे घसरले. मी स्टेशनमास्टर, धम्मपाल पॉइंट्समन. नियम असा की पॉइंट बसला की पॉइंट्समन हिरवी झेंडी दाखवतो, ती पाहून मास्तर सिग्नल देतो. त्याने हिरवी दाखवली, मी खिडकीतून पाहिली, सिग्नल दिला. तो म्हणाला, लाल दाखवली होती. इन्क्वायरीत माझं म्हणणं मान्य झालं. तरी मलाही एक वॉर्निंग चिकटवली, आणि त्या एका कागदापायी माझं प्रमोशन गेलं. धम्मपाल पॉइंट्समनच राहिला, पण त्याला काय, त्याला सवय होती.
परवा एका सेंडऑफला आनंदराव गार्ड चारचौघांत म्हणाला, शेषरावसाहेबांना खिडकीतून सगळं दिसायचं. लोक हसले. म्हणून हे मॉडेल.
संकल्प: २६ जानेवारीपर्यंत पूर्ण. चहा दिवसाला दोनच.

१० जानेवारी
सुपेल्याच्या बाजारातून प्लायवूड आणलं. आठ बाय चार. दारातून जाईना. दुकानदाराने माप नीट सांगितलं नाही. कापून दोन तुकडे केले, जोड बरोबर स्टेशनच्या मधोमध आला. चालतं.
कांता म्हणाली, खोलीत परागचे कपडे आहेत. म्हटलं, इतिहासाचं काम आहे. ती म्हणाली, मंग इतिहासालेच म्हना जेवाले वाढ.
चहा चार. थंडी आहे.

१८ जानेवारी
स्टेशनवर जाऊन मापं घेतली. मालधक्क्याचं शेड पाडलंय, पण जोतं शिल्लक आहे. पावलांनी मोजलं, मग टेपने मोजलं. नवा स्टेशनमास्टर कोवळा पोरगा. मी कोण ते सांगितल्यावर त्याने अच्छा म्हटलं आणि मोबाइलमध्ये बघत राहिला. आमच्या वेळी असं नव्हतं.

२६ जानेवारी
पूर्ण नाही. रुळांचं पार्सल उशिरा आलं, त्यात माझा दोष नाही. नवी तारीख १० फेब्रुवारी.
कांताच्या भांडी घासायच्या हिरव्या घासण्या फाडून बाभळी केल्या. फार हुबेहूब. भांडी दोन दिवस राखेने घासावी लागली, त्याबद्दल तिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

२ फेब्रुवारी
इंजिन चालवलं. सात नंबरवर घसरलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तिथेच घसरलं. पॉइंट मीच बसवलाय, पण माल चायनाचा.

५ फेब्रुवारी
ठरलं. २३ तारखेला रविवारी जुना स्टाफ घरी बोलवायचा. आनंदरावला सांगितलं, धम्मपाललाही घेऊन ये, तुझ्याच शेजारी राहतो. तो बरं म्हणाला. माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. धम्मपालच्या घरी मी एकदा चहासुद्धा घेतला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.
कार्यक्रम असा: आधी पोहे, मग गाडी, मग प्रत्येकाने स्टेशनच्या खिडकीतून सात नंबर पाहायचा. पॉइंटवर दोन सेंटिमीटरचा माणूस, हातात हिरवी झेंडी. विषय संपला.

११ फेब्रुवारी
मालधक्क्याचं शेड बसवलं, जोत्याच्या मापाने बरोबर जागेवर. काडेपेटीच्या काड्या, वर पत्र्यासाठी कोल्डड्रिंकचा डबा कापून. बोट कापलं. कामाला रक्त लागतंच.

१२ फेब्रुवारी, दुपारी
परागने फोनवर आयडिया दिली: मोबाइलचा कॅमेरा खिडकीच्या मागे धर, आतून काय दिसतं ते कळेल. धरला.
शेडची भिंत दिसते.
कॅमेऱ्याची लेन्स आजकाल वाइड असते, त्यामुळे अंतर चुकतं.

१३ फेब्रुवारी
परागचा जुना फोन काढला. भिंतच.

१५ फेब्रुवारी
पुन्हा स्टेशनवर गेलो, पुन्हा जोतं मोजलं. तेच माप. जमीन बारा वर्षांत खचली असेल. पूर्वी स्टेशन उंच होतं असं मला पक्कं आठवतं. स्टेशनखाली पुठ्ठा घालून पाहिला. चार पुठ्ठे घातले तरी भिंतच, आणि स्टेशन देवळासारखं दिसायला लागलं. काढले.

१७ फेब्रुवारी
शेड दोन बोटं सरकवलं. दिसायला बरं वाटतं. फोटोत यार्ड मोकळं येतं. सात नंबर आता स्वच्छ दिसतो, झेंडीसकट. मॉडेलमध्ये एवढं स्वातंत्र्य सगळेच घेतात. फेविकॉल लावला.
कांता दारात उभी होती. म्हणाली, "कावून सरकवलं?" म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, "मले एवढं कळते का तुमी काल ते तिकडं ठेवलं होतं."
चहा सात.

२३ फेब्रुवारी, रविवार
सगळे आले. धम्मपाल पांढरा शर्ट घालून, नीट इस्त्री केलेला. मी मुद्दाम सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला.
गाडी चालवली. सात नंबरवर घसरली. मी म्हटलं, हे प्रात्यक्षिकच समजा. कुणी हसलं नाही.
मग खिडकीचं सांगायला लागलो, तर धम्मपाल पुढे आला. खिडकीकडे त्याने पाहिलंच नाही. शेडकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, शेड इथं नव्हतं. हालवू का?"
नाही म्हणायला हवं होतं. सगळे बघत होते. मी म्हटलं, हलव.
फेविकॉल पक्का बसला नव्हता. शेड त्याने अलगद सोडवलं आणि ठेवलं. टेप नाही, काही नाही. बरोबर मी पहिल्यांदा बसवलं होतं तिथेच.
आनंदरावने खिडकीमागे मोबाइल धरला, पाहिलं आणि फोन पुढच्याला दिला. एकेक जण वाकून पाहत गेला. सगळ्यांना भिंतच दिसली.
धम्मपाल म्हणाला, "इन्क्वायरीत मी हेच सांगतलं होतं. तवा कोनी वाकून पाह्यलं नाही."
आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं.
कांताने पोहे आणले. सगळ्यांनी खाल्ले. बाभळी चांगल्या झाल्यात म्हणाले. धम्मपालने पोहे घेतले नाहीत, पाणी प्यायला आणि कांताला नमस्कार करून गेला.

२४ फेब्रुवारी
डोकं दुखतंय. शेड दुसऱ्याच बाजूला होतं हे सिद्ध करणारा एखादा जुना फोटो कुठेतरी असणार. शोधायला हवा.

२६ फेब्रुवारी
शोधला नाही. नसणारच.
हे वाचणारा मीच, म्हणून लिहितो. मी त्या दिवशी खिडकीत नव्हतोच. आतल्या खोलीत फोनवर होतो, परागच्या कॉलेज ॲडमिशनचं बोलणं चाललं होतं. बाहेरून धम्मपालचा आवाज आल्यासारखा वाटला. सगळं ठीक असेल समजून सिग्नल दिला. दुसऱ्या दिवशी स्टेटमेंटमध्ये खिडकी लिहिली, कारण काहीतरी लिहायचं होतं. मग बारा वर्षांत मला ती झेंडी इतकी नीट दिसायला लागली की तिच्या काठीचा रंगसुद्धा मी सांगू शकतो.
त्याची लाज वाटते. संकल्प: उद्या सकाळी धम्मपालला फोन.

२७ फेब्रुवारी
उद्या.

२ मार्च
कांताने विचारलं, केला का फोन. म्हटलं, करतोय. मोबाइल घेऊन बसलो. धम्मपालचा नंबर माझ्याकडे नाही. अकरा वर्षं एका स्टेशनवर काढली, कधी घेतलाच नाही. काम असलं की शिट्टी मारायचो, तो यायचा.
आनंदरावकडे मागता येईल. पण तो विचारणार, कशाला पाहिजे.