पुढच्या खोलीचे पडदे

४ नोव्हेंबर
हारमनचा पलंग आज खाली आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — हृदय थकलंय, जिना चढायचा नाही. आणि आमचा जिना म्हणजे शिडीच! स्वयंपाकघरात पलंग मावेना, म्हणून नवरा आता पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीच्या मोठ्या काचेसमोर. मी सोफ्यावर.

५ नोव्हेंबर
त्याला झोप नाही. रस्त्यावरचा जुना पिवळा दिवा काढून नगरपालिकेने उन्हाळ्यात पांढराफेक एलईडी लावलाय, त्याचा झोत थेट उशीवर. वरच्या मागच्या खोलीत झोपायचो तेव्हा हे कळलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर
डोळ्यांवर पट्टी बांधून दिली. गुदमरतं म्हणून भिरकावली. नगरपालिकेला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "उजेडाची तक्रार? लोक अंधाराची करतात हो." दिव्याला आडोसा बसवतील म्हणे, सवड मिळाली की.

१३ नोव्हेंबर
रक्तदाब वाढला, साखरही. डॉक्टरीणबाई काचेकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "रात्री एवढा उजेड असला की शरीराला रात्र झाल्याचं कळतच नाही. नाडी शांत होत नाही. नुसतं औषध वाढवून काय करू? आधी पडदे लावा."

सांगायला काय जातंय! या खोलीला कधीच पडदा नव्हता. गल्लीत कुणाच्याच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने आत बघावं, आपण जेवता जेवता हात करावा. पडदे ओढले म्हणजे एक तर लपवण्यासारखं काही आहे, नाहीतर घरात कुणी गेलंय.

हारमन म्हणाला, "मी आहे तोवर पडदा नको. मग काय ते कर."

असा राग आला. लोक काय म्हणतील, यापायी माणूस जीव द्यायला निघालाय!

१८ नोव्हेंबर
काल रात्रभर तो मला त्याच्या आईच्या नावाने हाका मारत होता. सकाळ झाली का, शाळेला उशीर झाला का. झोपेविना डोकं भरकटतंय. मी घाबरलेय.

बाजारातून जाड निळं कापड आणलं. त्याला न विचारता.

१९ नोव्हेंबर
पडदे टांगले. भिंतीकडे तोंड करून बसला. मग घोरायला लागला.

२० नोव्हेंबर
सकाळी उशिरापर्यंत झोपलेला, म्हणून पडदे उघडलेच नाहीत. दार वाजलं. समोरची नीन्के — काळा कोट, डोळे लाल, हातात लिंबाचा केक. गळ्यात पडून रडायलाच लागली. "कधी गेला गं?" मी तोंडावर हात दाबून हसत होते, तिला वाटलं हुंदका.

तेवढ्यात आतून आवाज, "केक आणलाय का तिने?"

नीन्केचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिघंही पोट धरून हसलो. किती दिवसांनी! त्याने दोन तुकडे खाल्ले. "चांगला झालाय. खरंच जाईन तेव्हा हाच आण. फक्त लिंबू जरा कमी घाल."

२८ नोव्हेंबर
रोज झोपतो. रक्तदाब उतरला. मला नावानिशी हाक मारतो. गल्लीतल्या बायका चिडवतात, "पडदे काय, नव्याने संसार मांडलाय का?" हारमन म्हणतो, "हो म्हणून सांग."

जाताना डॉक्टरीणबाई दारात हळूच म्हणाल्या, "झोप भरून निघतेय. हृदयाचं तसं नसतं."

हे त्याला सांगितलं नाही.

१२ डिसेंबर
आज नगरपालिकेची माणसं दिव्याला आडोसा बसवून गेली. खोलीत आता उजेड येत नाही. पडदे तरीही ओढलेले. नीन्के येऊन गेली. केकमध्ये लिंबू कमी होतं.