जावाचा गाँग

चांदा, ३ डिसेंबर १९५७, मंगळवार

जावाहून वादक मंडळी आली आहे! टाउन हॉलमध्ये कुणीही बसून शिकायचं, रविवारी कार्यक्रम. काशाच्या पट्ट्या, पालथ्या भांड्यांच्या रांगा — याला गामेलन म्हणतात. पहिलाच सूर ऐकला आणि नागपूरच्या कॉन्व्हेंटमधला पियानो आठवला, सिस्टर ॲग्नेसची थंड बोटं. डोळे भरले.

गुरुजींचं — सुवर्नो त्यांचं नाव — इंग्रजी इथे मलाच समजतं. मोठा टांगलेला गाँग मलाच मिळाला!

५ डिसेंबर

गाँग आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर मारायचा. माझा हात दर वेळी पुढच्या ‘एक’वर पडतो. सिस्टरनी शिकवलं तेच — वजन पहिल्या मात्रेवर! गुरुजी हसले आणि दाराशी माझ्या चपला राखत बसलेल्या कुंताला बोलावलं. माझी मोलकरीण, मासे धरणाऱ्या ढिवराची! एकदाही चुकली नाही. रविवारी गाँग तीच वाजवणार, गुरुजींनी ठरवून टाकलं.

“मोजतेस कशी गं?”

“मोजत नाई, बाई. जाळ्यात मासोळी आली का हाताले समजते, तसंच.”

आमच्या महिला मंडळातल्या इंदिराबाई मोठ्यानं म्हणाल्या, “आता मोलकरणीच्या ठोक्याची वाट बघायची आपण! उद्या तिची भांडीही घासू.”

सगळ्या हसल्या. मीही.

६ डिसेंबर

“गावावून माहे दोन्ही दीर येऊन राह्यले, बाई, पाहाले!” कुंताचं सकाळपासून तेच.

७ डिसेंबर, शनिवार

केलं. कुंताला सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला. गुरुजींना सांगितलं, तिला ताप आहे. इतकं सोपं होतं!

तिनं फक्त विचारलं, “माह्याकून काही चुकलं का, बाई?”

८ डिसेंबर

हॉल भरलेला. मी गाँगपाशी. सुरुवातीला गुरुजी इंग्रजीत बोलले आणि मी लाउडस्पीकरवर मराठीत सांगितलं — आमची खरी गाँगवादक कुंता तापानं फणफणली आहे, तिच्यासाठी क्षणभर शांत बसू या. सगळे शांत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

एकदाच चुकले, अगदी शेवटी. टाळ्यांत कुणाला कळलं नाही.

९ डिसेंबर

कुंता वेळेवर आली. केर काढता काढता म्हणाली, “काल दीर म्हणे, बाजा वाजून राह्यला, चाल. हालच्या मांगं उभे होतो आम्ही. तुमचा आवाज साफ आयकू आला.”

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

“शेवटचा ठोका मांगं पडला, बाई.”

दारात थांबली.

“माहा ताप उतरला.”