प्लूटो मार्गी होईपर्यंत

७ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.
आईच्या मोतीबिंदूची तारीख तू परत रद्द केलीस, हे मला दवाखान्यातल्या बाईंकडून कळलं. आईने फोनवर हसत सांगितलं की काल तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तू तो मुकाट प्यायलास. मला हसू आलं नाही. इतक्या लांब राहून बोट दाखवणं सोपं आहे, हे जाणते. तरी कारण सरळ लिही.
वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी चिमी

१५ जून

चि. चिमीस, अ. आ.
कारण सरळच आहे. सध्या प्लूटो आईच्या पत्रिकेत आठव्या घरात, मृत्युस्थानी आहे. प्लूटो म्हणजे मुळापासून उलथापालथ. गेल्या खेपेला तो पुढे सरकला म्हणून तारीख घेतली, तर वक्री होऊन मागे आला. दुकानात दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा काटा असा फिरला असता तर चिमट्याने सरळ केला असता. ग्रहाला चिमटा कुठे लावू? मार्गी झाला की लगेच करू.
तू कॉलेजात शिकलेली, हसशील. हस. पत्र मात्र लिहीत जा.
दादा

२३ जून

ती. दादास, सा. न.
हसले नाही, पुस्तकं काढून बसले. प्लूटो दर वर्षी पाच-सहा महिने वक्री असतो आणि एक रास ओलांडायला त्याला वीसेक वर्षंही लागतात. आई ऐंशीची आहे. तोवर तिने चाचपडत राहायचं? जुन्या ज्योतिषात ग्रह नऊ. दहावा ग्रह म्हणजे जावई, तो इथे माझ्या शेजारी घोरतोय. हा अकरावा तू कुठून आणलास? आई म्हणते, न दिसणाऱ्या ग्रहापायी मला दिसेनासं झालंय.
ती जिन्यावर घसरली, ते वहिनीकडून कळलं. भिंगाखाली तुला केसाएवढी स्प्रिंग दिसते. आईच्या नडगीवरचं काळंनिळं दिसलं नाही?
हे वाक्य खोडलं, मग परत लिहिलं. कदाचित अन्याय करतेय. पण तू काही सांगतच नाहीस, तर न्याय तरी कसा करू?
तुझीच, चिडलेली

१ जुलै

चि. चिमीस, अ. आ.
दिसलं. लेप मीच लावला.
बाबांच्या ऑपरेशनचा दिवस मी काढला होता, आठवतं? नऊच्या नऊ ग्रह धुंडाळले होते. सगळे चांगले. बाबा टेबलावरून उठले नाहीत. पुढे प्लूटो मांडायला शिकलो, तेव्हा त्या दिवसाची कुंडली परत काढली. तो आठव्यात बसला होता. मी पाहिलाच नव्हता.
दुकानात माझा हात कधी चुकत नाही. दवाखान्याची तारीख आली की तोच हात फोन उचलून ती रद्द करतो. आता तूच ठरव, मला विचारू नकोस.
दादा

९ जुलै

ती. दादास, सा. न.
त्या दिवशी तुझ्या शेजारी बाकावर मीही होते. तू इतकी वर्षं हे उराशी घेऊन बसलायस, हे मला कळू नये? चीड अजून गेलेली नाही, फक्त आता ती कुणावर काढावी ते उमगत नाही.
डॉक्टरांशी बोलले. पुढचा सोमवार ठरला. मुहूर्त मी पाहिला नाही. तू पाहिल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणून शनिवारीच येते. बाकावर तू तुझी कुंडली बघत बस, मी ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा दिवा बघते.
आईला सांगितलंय. ती म्हणाली, पट्टी सुटली की पहिला चहा मी करणार, आणि साखर पडली की मीठ, ते दादाच्या तोंडाकडे बघून ओळखणार.
बाकीचं भेटीत भांडू.
तुझी चिमी