लांब दालनाचे छप्पर

मी, खाली सही करणारी निवृत्त सुतारकाम-शिक्षिका, सगळ्यांना ‘सुतारबाई’ म्हणून ठाऊक असलेली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर स्वखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवते. कोणी भरीस घातलेले नाही, उलट “एवढ्यात कशाला?” म्हणून अडवणारेच भेटले. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हात थरथरतो, पण त्यात बुद्धीचा दोष नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. शाळेच्या मागच्या गल्लीतले माझे दोन खोल्यांचे घर माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला मिळावे. तिचे वडील माझ्याशी बोलत नव्हते तेव्हाही ती मागच्या दाराने येई आणि “आत्या, बाबांना सांगू नकोस” म्हणे. जणू आमचे रोज बोलणे होते! स्वयंपाकघराचे दार पावसाळ्यात फुगते. त्याला घाईने रंधा मारू नये. कोरडे झाले की आपोआप बसते.

कलम दोन. बँकेतली सर्व शिल्लक शाळेच्या छपराच्या देखभालीसाठी द्यावी. दुसऱ्या कशाला वापरू नये, रंगरंगोटीला तर नाहीच.

कलम तीन. मुलींना सुतारकाम शिकवणे हा वेळेचा अपव्यय आहे, असा शेरा मारून गेलेले शिक्षणाधिकारी अजून हयात आहेत असे कळते. त्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने केलेले स्टूल त्यांना पोचते करावे. ते अजून डुगडुगत नाही. ती मुलगी आता इमारती बांधते.

कलम चार. पैसे छपरासाठीच का, हे पुढे शाळा चालवणाऱ्यांना कळावे म्हणून लिहिते.

ही शाळा सरकारी, बिनफीची, शंभरी कधीच ओलांडलेली. मी इथेच शिकले. मुलींना शिवण असे, मी सुतारकाम मागितले. तेव्हाचे मुख्याध्यापक थोडा विचार करून म्हणाले, “करवत पेलते का बघ.” पेलली. पुढे जन्मभर तोच वर्ग शिकवला.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एका वादळात लांब दालनाचे छप्पर कोसळले. सुट्टी होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. हे दालन म्हणजे एके काळी सगळी शाळा. लवकरच नोटीस लागली: इमारत धोकादायक, मुले इतर शाळांत वाटून द्यावीत. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. ती कचेरीत ठाण मांडून बसली, तेव्हा तिथले साहेब म्हणाले की शाळा उघडायच्या आत छप्पर उभे राहिले तर बघू. म्हणजे नाहीच, असे त्यांना म्हणायचे होते.

तिने चार जुन्या विद्यार्थ्यांना कळवले. रविवारी सकाळी मी गेले ती मूठभर माणसे असतील असे धरून. कोपऱ्यावर वळले आणि पाय तिथेच थांबले. फाटकापासून बसथांब्यापर्यंत रस्ता माणसांनी भरला होता. कौले हातोहात चालली होती. रांगेत एक न्यायाधीश होती, तिच्या पुढे बसचालक, त्याच्या पुढे खुर्चीत बसलेली निवृत्त परिचारिका, शाळेत माझ्या पुढच्या इयत्तांत असलेली. मला ओळखून म्हणाली, “उशीर केलास. घंटा झाली.” पिकल्या केसांची माणसे कॉलेजातल्या पोरांना विचारत होती की तुमच्या वेळी तरी नळाला पाणी यायचे का.

मग करवती सुरू झाल्या, आणि मी जे पाहिले ते मला अजून धड सांगता येत नाही. माझे वडील सुतार. करवत धरताना ते पहिले बोट मुठीत न घेता पात्याच्या दिशेने सरळ ठेवत. मी तशीच धरायला शिकले, तशीच शिकवली, आणि शिकवले हेही विसरून गेले. त्या मैदानात नजर जाईल तिथे तेच बोट होते. सुरकुतलेले, नखाला रंग लावलेले, अंगठी रुतलेले. वडील जाऊन किती काळ लोटला होता, आणि त्यांचा हात इथे शेकडो ठिकाणी काम करत होता. मला हात जोडावेसे वाटले. पण कोणाला, ते कळेना.

फाटकाबाहेर दादा उभा होता. त्याला लहानपणीच वडिलांबरोबर कामाला जावे लागले; त्या दोघांच्या मेहनतीवर मी शिकले. जाताना वडिलांनी हत्यारे मला दिली, शिकवणारीच्या हातात राहू देत म्हणून. त्या दिवसापासून दादाने माझा उंबरा ओलांडला नव्हता. मी त्याच्याजवळ गेले.

“मी इथला नाही,” तो म्हणाला.

“दादा, आढं तिरकं बसतंय. मला वर चढवत नाही. तू बघतोस?”

त्याने मान वर करून बराच वेळ पाहिले. मग चपला काढल्या आणि शिडी चढला. वर कलम तीनमधली ती मुलगी होती. ती सरकली आणि तिने त्याला जागा दिली. दिवस मावळायच्या आत आढे सरळ बसले. खाली आल्यावर तो माझ्याशेजारी टेकला आणि करवती चालवणाऱ्या त्या हातांकडे बघत राहिला.

“बाबा एवढे झाले,” म्हणाला.

पुढच्या रविवारी छप्पर पुरे झाले. साहेब आले, तपासून गेले. शाळा भरते आहे.

कलम पाच. मी गेल्यावर शोकसभा घेऊ नये; भाषणे लांबतात. मुलांना अर्धी सुट्टी द्यावी आणि त्यांना आरडाओरडा करत घरी जाऊ द्यावे.

कलम सहा. वडिलांची हत्यारे: रंधे, करवती, पटाश्या, वाकस आणि गुण्या. हे कलम मी आधी दादाच्या नावे लिहिले होते. वकीलबाईंनी (माझ्याच वर्गातल्या; खिळा नेहमी वाकडा) वाचून सांगितले की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दादा साक्षीला म्हणून शेजारीच बसला होता. मी म्हटले, “तुझंच होतं ते. तू घे. साक्षीला दुसरं कोणी बघू.”

त्याने वकीलबाईंच्या हातातून पेन घेतले. “हत्यारं पोरांना दे,” म्हणाला. “सही मी करतो.”

म्हणून ते कलम खोडून असे वाचावे: सर्व हत्यारे शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला. कुलपात ठेवू नयेत, वापरावीत. खाडाखोडीवर माझी लघुसही आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण: राहते घर, शाळेची मागची गल्ली
दिनांक: नवे वर्ग भरण्याच्या आदल्या दिवशी

लिहून ठेवणार: (सही) सुतारबाई

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:

साक्षीदार पहिली: (सही) शेजारीण, बेकरीवाली
साक्षीदार दुसरा: (सही) थोरला भाऊ, सुतार