जाळ्याच्या दोरीवरचं इंजिन

पनवेल, ४ मे १९५८

चि. दिनानाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हे जाऊन तीन वर्षं झाली, आता पनवेलचं घर मोडून उरणला भावाकडे ये, मांडवाखाली वाळत पडलेली ह्यांची मोटारहोडी लाकूडवाल्याला दे, असं लिहितोस. तुझी माया कळते. पण ह्यांचे थोरले भाऊ काशिराम भाऊजी म्हणाले, नारळी पुनवेला होडी चालली तर मासळी तिच्यातूनच मुंबईला जाईल, तुला कुनाच्या दारात जायाची गरज नाय. नाही चालली तर मी उरणला येईन, हा माझा तुला शब्द.

भाऊजींचा जन्म शिडावर गेला. ह्यांच्या इंजिनाला ते धूर ओकणारी म्हैस म्हणायचे. तेच आता म्हशीची सेवा करायला निघालेत. मुलांना गोड पापा. माया कमी करू नकोस.

तुझी ताई चंद्रावती

मोरा, उरण, ९ मे १९५८

ती. ताईस दिनानाथचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

शिडाचा माणूस इंजिन चालवणार म्हणजे गाडीवानानं आगगाडी हाकायची! शांतीनं तुझी खोली सारवून ठेवलीय. लाकूडवाल्याला पुनवेपर्यंत थोपवतो, पण हट्ट किती करायचा ते तूच ठरव. रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझा दिनू

पनवेल, २४ मे १९५८

चि. दिनूस आशीर्वाद.

हसू नकोस. उन्हानं होडीच्या फळ्या आकसून फटी पडल्या होत्या. आपली रीत तुला ठाऊक आहे. अमावास्येच्या भरतीला होडीत धोंडे भरून ती खाडीत बुडवली, म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगतं. सगळा कोळीवाडा लोटला, गाणी झाली. एक धोंडा मीही टाकला. ओहोटीला होडी उघडी पडली, फळ्या कशा एकमेकींना भिडलेल्या! तेवढ्यात सखूबाईनं विचारलं, इंजिन कुटं हाय?

आत होतं. आजवर शिडाच्याच होड्या बुडवल्या, त्यात काढून ठेवायला असतं काय? कुणालाच आठवलं नाही. मला तर आठवायला हवं होतं.

तुझी ताई

मोरा, २ जून १९५८

ती. ताईस सा. नमस्कार.

हसलो, खोटं कशाला बोलू. मीठ मुरलेला बांगडा आणि मीठ मुरलेलं इंजिन, दोन्ही परत पोहत नाहीत. पाऊस लागायच्या आत न्यायला येतो. बोचकं बांधून ठेव. शांतीचा नमस्कार.

तुझा दिनू

पनवेल, ८ जून १९५८

चि. दिनूस आशीर्वाद.

येऊ नकोस. शब्द पुनवेचा आहे.

होडी उघडी पडली त्याच सकाळी भाऊजींनी चिखलात बसून इंजिन सोडवलं आणि विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुतलं. आता माझ्या ओटीवर एकेक तुकडा रॉकेलात बुडवून पुसतात, आणि निघाला त्या क्रमानं जाळ्याच्या लांब दोरीला गाठ मारून बांधतात, जाळं तरंगतं ठेवणारी तरंडं बांधावीत तसा. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, कोनी नाय, जालं उसवलं की मानूस दुसऱ्या टोकानं विनीत येतो. दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलीय. मी तिच्याखालून वाकून चुलीकडे जाते. इंजिनाला नावं ठेवणाऱ्या ह्या माणसाच्या हाताची चिकाटी बघितली की वाटतं, धाकट्या भावाशी राहिलेलं बोलणं ते ह्या तुकड्यांशी बोलतात.

तुझी ताई

पनवेल, ३१ ऑगस्ट १९५८

चि. दिनानाथ यास अनेक आशीर्वाद.

दोरीच्या दुसऱ्या टोकापासून एकेक गाठ सोडत भाऊजींनी इंजिन पुन्हा जोडलं. परवा पुनवेला नारळ सोडला. भाऊजींनी हँडल मारलं. दोनदा म्हैस नुसती खोकली. काठावरचा तुळशीराम ओरडला, म्हातारबा, शीड आनू का? तिसऱ्यांदा धडधडायला लागली. भाऊजींचे दोन्ही हात इंजिनात, म्हणून सुकाणू मला धरायला लावलं. हे असते तर त्यांनी मला कधी धरू दिलं नसतं. इंजिनाचा आवाज मात्र तोच होता, त्यांच्या वेळचा. डोळे भरले, पण हात मोकळा नव्हता, म्हणून पुसले नाहीत. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो.

लाकूडवाल्याला निरोप दे. शांतीला सांग, खोली सारवलेली असू दे. गुरुवारी मी येते, मोऱ्याच्या धक्क्यावर उभा राहा. जेवायला थांबेन. संध्याकाळच्या भरतीला आम्ही परत निघू.

तुझ्या मायेची,
ताई