चौदा नंबरचा पाना

बेसा, नागपूर
शनिवार

आदरणीय मेघाताईस,

धाकट्या धम्मानंदाचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि आनंदराव भाऊजींनी सोडलेली तंबाखू (गेल्या रविवारी इथे आले तेव्हा तरी दिसली नाही) तिकडेही सुटलेलीच आहे का, हे दोन्ही खरं खरं कळव. इकडे ऊन पंचेचाळीसवर आहे आणि आई बरी आहे. (बरी म्हणजे कशी, ते खाली येईलच.) फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आईचे डोळे काचबिंदूने नेले, पण कानांनी त्यांचंही काम अंगावर घेतलं आहे. मी जे मागणार आहे ते तिने ऐकलं तर ती मला करू देणार नाही.

गाडीचा सायलेन्सर दोन वर्षांपासून फुटलेला होता, हे तुला माहीत आहे. ट्रॅक्टरमधून आल्यासारखं वाटतं, असं तूच म्हणाली होतीस. शेजारचे भैयाजी सज्जन माणूस, दोन वर्षं एक शब्द बोलले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांना नातू झाला, तेव्हा हात जोडून एवढंच म्हणाले, "धम्माभाऊ, तुमची गाडी आली का पोरगं उठून राहिलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बुटीबोरीच्या कापड गिरणीत बावीस वर्षं मेन्टेनन्स केलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीसाठी गॅरेजवाल्याच्या दारात जायचं, हे काही मनाला पटेना. नवा सायलेन्सर आणला, रविवारी सकाळी पोर्चमध्ये गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि मी आत सरकलो.

ताई, गंज काय चीज आहे ते गाडीखाली उताणं पडल्याशिवाय कळत नाही. नट कुठे संपतो आणि पाइप कुठे सुरू होतो याचा पत्ता लागत नव्हता. आदल्या दिवसापासून तेल पाजलं होतं, तरी तीनपैकी दोन नट आरीने कापावे लागले, आणि तिसरा सुटला तेव्हा त्याच्यासोबत माझ्या बोटाचं सालटंही सुटलं. (पट्टी भैयाजींनी बांधली. ते मदतीला म्हणून उकिडवे बसले होते आणि दर पाच मिनिटांनी "गॅरेजले नेली असती तं" एवढंच म्हणत होते.) शेवटी सायलेन्सर निघाला. तो सरळ माझ्या छातीवर निघाला. नवा टांगताना रबरी कड्या चढेनात, त्यांना भांड्यांच्या साबणाचं पाणी लावलं. दुपारी दोनला काम संपलं आणि अवजारं गोळा केली, तर चौदा नंबरचा पाना नाही. पोर्च दोनदा झाडला. भैयाजींबद्दल मनात एक वाईट विचार येऊन गेला, तो तुझ्यापासून लपवत नाही. जुना सायलेन्सर संध्याकाळी भाऊजी भंडाऱ्याला घेऊन गेले, न्हाणीच्या चुलीला धुराडं करतो म्हणून. तुला दिसलाच असेल.

आवाज तपासायला आईला पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसवलं होतं. बेशात तिच्याइतके कान कोणाचे नाहीत. बराच वेळ ती मान वाकडी करून बसली. मग म्हणाली, "काहून गा थांबला? चालू कर ना." गाडी चालूच होती. मी हसलो, भैयाजींनी टाळी दिली. आई "असं का" म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली. तेव्हा मला काही कळलं नाही.

सोमवारी कळलं. तुझी भावजय चारुशीला कामाच्या पाळीवरून रात्री नऊला सुटते, म्हणून संध्याकाळी आई घरात एकटी असते. माझी गाडी कोपऱ्यावरच्या गतिरोधकाशी आली की ती चहा ठेवायची, मी पाय धुऊन येईपर्यंत तो उकळलेला असायचा, आणि दोन वर्षांत तिचं एकदाही चुकलं नाही. सोमवारी कूलर सुरू होता. मी दार लोटून आत आलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने काठी घातली. (टेंगूळ उतरलं आहे.) मग माझा चेहरा चाचपत म्हणाली, "पहिले तू कोपऱ्यापासून येत राहे. आता एकदम अंगावरच येतो." हॉर्न वाजवून पाहिला, पण त्या रस्त्यावर सगळेच वाजवतात, तिने दूधवाल्यासाठी दोनदा आणि पाण्याच्या टँकरसाठी एकदा चहा ठेवला. बुधवारपासून ती दुपारी चारलाच दारातल्या खुर्चीवर येऊन बसते, त्या झळांमध्ये. आत बस म्हटलं तर म्हणते, "बसली तं बसली." तक्रार एक नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तिच्या दिवसातला एक भरवसा मी काढून घेतला, आणि तोही सुट्टीच्या दिवशी, एवढे कष्ट करून. मला फार वाईट वाटतं, ताई.

तुझा
धम्मानंद

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. जुना सायलेन्सर चुलीवर चढला नसेल तर भाऊजींच्या हाती परत पाठव. चढला असेल तर उतरव. मी तो पुन्हा बसवणार आहे. भैयाजींची समजूत काढीन; कशी, ते अजून सुचलेलं नाही.

आणखी ता. क. (सोमवार संध्याकाळ.) पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज घरी आलो तर चहा उकळत होता. कसं कळलं विचारलं, तर आई म्हणाली, "कोपऱ्यावर खुळखुळलं ना. गाडीत भांडं घेऊन फिरतो का गा?" टॉर्च घेऊन खाली शिरलो. सायलेन्सरच्या वरच्या पत्र्यावर चौदा नंबरचा पाना पडलेला. आठवडाभर कुठेतरी गपचूप अडकून होता, गतिरोधकाने मोकळा केला असावा. काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. मग त्याला तार बांधली, पडू नये इतकी घट्ट आणि वाजणं थांबू नये इतकी सैल. भैयाजींकडे जाऊन माफी मागितली. कशाची, ते त्यांना कळलं नाही. बाळ झोपलेलं होतं. तेव्हा धुराडं राहू दे. भाऊजींकडे चौदा नंबरचा जास्तीचा पाना असेल तर तेवढा पाठव. आमचा कामावर आहे.