ताईची जड जीभ

प्रिय ताई,

शिवणाच्या मशीनवर बसले की माझा अंगठा आपोआप उडतो. महिनाभर झोपेचं खोबरं झालं होतं. आईला घेऊन गेलेलं नसांचं दुखणं आता माझ्या वाट्याला आलं, असं मी धरूनच चालले होते. "डोक्यातून काढून टाक ते," म्हणणारे आमचे हेच शेवटी मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी हाताला सुया टोचल्या, हातोडीने गुडघे ठोकले आणि आज हसून सांगितलं, "बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. काळजीनेसुद्धा स्नायू उडतात."

लगेच तुला फोन लावला. "सुटलीस गं!" तू म्हणालीस. तुझी जीभ जड झाली होती.

"दात काढून घेतलास का गं?" मी विचारलं.

"छे, थकलेय. हल्ली जिनाही चढवत नाही," म्हणत तू हसलीस.

आईचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा परगावी शिकत होतीस, म्हणून तुला ते ठाऊक नाही.

हे पाठवणार नाही. वाचून तू घरात एकटीच घाबरशील. उद्या मीच येते. कारण विचारलंस, तर तुझी आठवण आली म्हणून आले, एवढंच सांगेन.

तुझी,
धाकटी